ब्रोमिनची जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा दोन ठिपके! चौथ्यांदा!

एकच पदार्थ दोन वाटांनी बनवला. एक बाईंची, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांची वाट, जवळची, दोन पायऱ्यांची. दुसरी माझी, लांबची, नऊ पायऱ्यांची, जिच्यात कुठला अणू कुठे बसलाय याची खात्री पहिल्यापासून आहे. दोन्ही वाटा एकाच घरी पोचायला हव्यात. म्हणजे पट्टीवर शेजारी शेजारी थेंब लावून ती द्रावकात उभी केली की दोन्ही एकाच उंचीला चढायला हवेत. चढत नाहीत. एक वर, एक खाली.

आधी वाटलं पट्टी खराब. मग वाटलं बाटली दूषित. मग वाटलं मीच दूषित. आज सगळं नवं घेतलं, काचसामान रात्रभर भट्टीत वाळवलं, तरी तेच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर माझं अंगणही सरळ!

प्रबंध जूनमध्ये द्यायचाय. त्याचं तिसरं प्रकरण सगळं या एका पदार्थावर उभं आहे.

६ फेब्रुवारी

बाईंना अजून काही सांगितलं नाही. मामांच्या यंत्रावर सोमवारची वेळ मिळाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

आमचं कडं सहा कोपऱ्यांचं. एका कोपऱ्यात नायट्रोजन. त्याच्या शेजारी फ्लोरिन. फ्लोरिनच्या शेजारी ब्रोमिन. ब्रोमिनच्या शेजारच्या कोपऱ्यात साधा हायड्रोजन. उणे अठ्ठ्याहत्तर अंशाला, सुक्या बर्फात बसवलेल्या चंबूत, तो हायड्रोजन अलगद काढायचा. त्या जागी लिथियम येतो. मग आपल्याला हवा तो तुकडा आत सोडला की लिथियम जागा सोडतो आणि तुकडा तिथे चिकटतो. एवढंच. कड्याच्या नेमक्या एका कोपऱ्यात हात घालायचा, बाकीच्यांना धक्का न लावता.

अशा कड्यांत ब्रोमिन जागा सोडून पळतो, हे पुस्तकात आहे. पण आमच्या कड्यात, पुरेशी थंडी असेल तर, तो हलत नाही. हे बाईंनी बावीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं. त्या पेपरमुळे बाई बाई झाल्या.

तर आज मामांकडे गेले. मामा म्हणजे एनएमआर यंत्र चालवणारे. सगळ्या इमारतीचे मामा. यंत्राला हात लावण्याआधी चष्मा पुसतात, देवघरात जावं तसे. त्यांना म्हटलं, नेहमीचा आलेख नको, दोन्ही पदार्थांत तो सारखाच येतो. शेजाऱ्यांची चौकशी करून द्या. म्हणजे असं, की दोन हायड्रोजन जवळजवळ राहत असतील तर एकाला ढोसलं की दुसरा दचकतो. आपला तुकडा खरंच त्या कोपऱ्यात बसला असेल तर पलीकडच्या कोपऱ्यातला हायड्रोजन दचकायलाच हवा.

माझ्या लांबच्या वाटेच्या पदार्थात दचकला. झकास दचकला.

बाईंच्या वाटेच्या पदार्थात ढिम्म.

मामांनी चष्मा पुन्हा पुसला. "पोरी, इथे शेजारी कुणी राहतच नाही."

"यंत्र बरोबर आहे ना, मामा?"

"यंत्र बरोबर आहे. पत्ता चुकलाय."

११ फेब्रुवारी

ब्रोमिन पळाला होता.

दुसरं उत्तरच नाही. लिथियम त्या कोपऱ्यात आला, आणि आम्ही तुकडा टाकायच्या आधीच ब्रोमिनने तो कोपरा घेतला नि लिथियमला आपल्या जुन्या जागी पाठवलं. आमचा तुकडा गेला तो ब्रोमिनच्या रिकाम्या खुर्चीत. इतक्या थंडीत! जिथे माझी बोटं दोन सेकंद टिकत नाहीत तिथे हे लोक बिऱ्हाड हलवतात. चंबूत बघितलं तर काय दिसतं? पिवळसर पाणी. बुडबुडासुद्धा नाही.

ताईला सांगितलं. ताई थिएटरात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवते. पोळी लाटत ऐकत होती.

"उडी मारतो का तो?"

"नाही. एकटा उडी मारत नाही. दोन कडी समोरासमोर येतात आणि एकातला लिथियम दुसऱ्यातला ब्रोमिन घेतो. मग तो तिसऱ्याचा. असं करत करत सगळी रांग बदलते."

"का पण?"

"लिथियमला फ्लोरिन आणि ब्रोमिनच्या मधली खुर्ची जास्त सुखाची."

"मग बरोबर आहे. अंधार झाला की तिकिटावरच्या खुर्चीत कोण बसतं? मी दिवे लागल्यावर बघते तर सगळी रांग सरकलेली. आणि प्रत्येक जण शपथ घेऊन सांगतो, मी पहिल्यापासून इथेच आहे!"

हसून हसून पोट दुखलं. मग एकदम हसू थांबलं. बाईंना कसं सांगायचं?

१३ फेब्रुवारी

बाईंचा निवृत्तीचा निरोपसमारंभ अठ्ठावीस मार्चला. कार्यालयातल्या क्लार्कने आज मोठ्या उत्साहाने दाखवलं: त्या पेपरचं पहिलं पान मोठं करून, काचेत बसवून बाईंना देणार आहेत. मी म्हटलं, छान आहे. आवाज माझाच होता का, शंका आली.

मामा जिन्यात भेटले. हळूच म्हणाले, "दीड महिना राहिलाय. तुझं ते प्रकरण गाळ, दुसरं काही लिही. म्हातारीला सुखाने जाऊ दे." वाईट मनाने नाही म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.



१४ फेब्रुवारी

ताई म्हणाली, "सांगू नकोस. पण मग रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघायचं कसं, तेवढं ठरवून ठेव."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

बाईंच्या खोलीत गेले, दार लोटलं, दोन्ही पट्ट्या आणि मामांचे आलेख टेबलावर ठेवले. पाठ केलेली वाक्यं सगळी पळाली. नुसतं म्हटलं, "बाई, ब्रोमिन तिथे नाहीये."

बाईंनी आलेख उचलला. चष्मा काढून डोळ्यांजवळ नेला. दुसरा उचलला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, तेवढाच आवाज.  

"ही चौकशी तेव्हा आम्ही केली नव्हती," बाई म्हणाल्या. "आलेख जुळला, बास वाटलं."

मी काहीतरी पुटपुटले. तेव्हा यंत्रं लहान होती वगैरे.

"यंत्राला नावं ठेवू नकोस. विचारायचं मला सुचलं नाही." मग त्यांनी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. हसू! लहान मुलाला लपाछपीत कुणीतरी अचानक सापडावं तसं. "बावीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत बसला होता गं, लबाड! किती अंशाला केलंस?"

"उणे अठ्ठ्याहत्तर."

"आणि तरी हलला." थांबून पुन्हा, स्वतःशीच, "तरी हलला!"

मी रडले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "उद्या दहाला. मी स्वतः करणार."

१८ फेब्रुवारी

बाई अकरा वर्षांनी ॲप्रन घालून आल्या. गुंड्या लागत नव्हत्या, तसाच उघडा ठेवला. सगळे आपापलं काम सोडून दारात.

मी शिकवायच्या पवित्र्यात उभी होते. काय मूर्ख मी! बाईंनी सिरिंज हातात घेतली आणि बेसचा, म्हणजे हायड्रोजन काढणाऱ्या द्रावणाचा, थेंब चंबूच्या काचेवरून असा घरंगळत सोडला की आतलं पाणी हललं नाही. काचेवरून येताना तो थंड होतो, मग मिसळतो. मी चार वर्षं सरळ आत टाकतेय. कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

ठरवलं ते असं: एका मिनिटाने थोडं काढून तुकड्याशी गाठ घालायची, मग पाचव्या मिनिटाला, मग तिसाव्या. कोण कधी कुठे बसलंय ते त्यावरून कळेल.

एका मिनिटाला: निम्मे जुन्या जागी, निम्मे नव्या.
पाच मिनिटांना: जवळपास सगळे सरकलेले.
तीस मिनिटांना: जुन्या जागी एकही नाही.

बाईंच्या पेपरात काय लिहिलंय? "एक तास ढवळा." म्हणजे आम्ही सगळे, जगभर, बिऱ्हाड हलून, सामान लागून, दिवा लावून झाल्यावर दार वाजवत होतो!

२४ फेब्रुवारी

स्फटिक आला. सुईसारखा, मिठाच्या कणाहून लहान. क्ष-किरणांनी त्याच्या आतल्या अणूंच्या जागा काढतात, अंदाज नाही, प्रत्यक्ष जागा. पडद्यावर हळूहळू चित्र उमटलं. आधी ब्रोमिन दिसतो, तोच सगळ्यात जड. मोठा गोळा. आणि तो शेजारच्या कोपऱ्यात!

मामांनी पडद्याला चक्क हात जोडले.

गेले दोन आठवडे मी याला चूक, चूक म्हणतेय. पण त्या अणूने काय चूक केली? तो गेला जिथे त्याला जायचं होतं. इतका नेमका, इतक्या अब्जावधी कड्यांत एकसारखा, एकही मागे न राहता. चूक आमच्या चित्रात होती. मला कधी देवळात असं वाटलं नाही जसं आज त्या पडद्यासमोर वाटलं.

२५ फेब्रुवारी

बाईंनी तो पेपर छापलेल्या मासिकाला पत्र पाठवलं. चार ओळींचं. मला वाचायला दिलं. शेवटची ओळ: "चूक माझी आहे, सहकाऱ्यांची नाही." काचेतलं पान करू नका म्हणून क्लार्कलाही सांगितलं. तो बिचारा हिरमुसला. काच आली होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस! आजचा दिवस मी फ्रेम करून लावणार!

परवा बाई चहा पिताना म्हणाल्या होत्या, "तो उठतो, कारण त्याला उठायला वेळ मिळतो." ते डोक्यात घुमत राहिलं. वेळच दिला नाही तर? लिथियम आला रे आला की त्याच्या जागी तिथल्या तिथे दुसरा कुणीतरी बसवला तर? असा कुणीतरी जो थंड डोक्याचा आहे, ज्याला देवाणघेवाणीत रस नाही. झिंक! झिंक एकदा बसला की बसला. आणि तो आधीपासून चंबूत हजर हवा, नंतर बोलावून उपयोग नाही.

बाई म्हणाल्या, "झिंक तुझा बेसच खाऊन टाकेल."

"त्याला दोन हातांनी धरून ठेवणारं अमाइन लावते. तोंड बांधलेलं झिंक. बेसने आधी हायड्रोजनकडे बघावं म्हणून."

"करून बघ. न जमलं तर झिंक गेलं थोडं."

केलं. पाच मिनिटं, उणे अठ्ठ्याहत्तर. आता आत झिंक खरंच बसलाय की नाही, हे कळायचं कसं? आयोडिन टाकायचं. आयोडिनचं द्रावण गडद तपकिरी, काळ्या चहासारखं. आत काही जिवंत नसेल तर पहिल्या थेंबालाच सगळं तपकिरी होणार.

पहिला थेंब टाकला. पडला, तपकिरी रेघ खाली गेली, आणि नाहीशी झाली.

दुसरा. नाहीसा.

तिसरा, चौथा, दहावा. प्रत्येक थेंब आत जातो आणि कुणीतरी गिळतं. चंबू तसाच फिकट, नितळ. मी थेंब मोजणं सोडलं. बाई माझ्या खांद्याजवळ उभ्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. न दिसणारं काहीतरी आहे, ते जागेवर बसलंय, आणि दर थेंबाला "आहे" म्हणून उत्तर देतंय! चाळीसएक थेंबांनंतर रंग टिकला. म्हणजे सगळे भेटले. हजेरी संपली.

 बाईंनी नुसता माझा कान पकडला आणि सोडला.

३ मार्च

दुसरा स्फटिक. ब्रोमिन जुन्या जागी! पलीकडे, नेमका हव्या त्या कोपऱ्यात आयोडिन. दोन जड गोळे शेजारी शेजारी, कट्ट्यावर बसल्यासारखे.

म्हणजे झिंक नसेल तर ब्रोमिन सरकतो, झिंक असेल तर बसून राहतो. तोच चंबू, तीच थंडी, तेच कडं. निवड आपली! चूक शोधायला गेले आणि एका दाराच्या जागी दोन दारं मिळाली.

मामा म्हणाले, "गप्प बस म्हणालो होतो ना मी तुला? विसर ते."

६ मार्च

बाईंची कपाटं आवरतोय. जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या, चाळीसएक. मी पुसतेय, बाई कुठली ठेवायची कुठली नाही ते सांगताहेत. एक निळी वही उघडली ती मधेच. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. आमचंच कडं. बारीक, सरळ अक्षर.

"ब्रोमिन अपेक्षित जागी दिसत नाही. तीन वेळा केले. तिन्ही वेळा हेच."

खाली लाल शाईत: "गलथान काम. पेपरप्रमाणे पुन्हा करा."

पुढच्या पानावर चौथ्यांदा. पाचव्यांदा. सहाव्यांदा. दर वेळी तेच उत्तर, दर वेळी लाल शाई. सातव्या पानावर फक्त तारीख. नंतर वही कोरी.

मी वही मिटायला गेले. बाई म्हणाल्या, "राहू दे. दे इकडे." खुर्चीत बसून सगळी पानं वाचली. मग लाल शाईवर बोट ठेवून विचारलं, "माझं अक्षर आहे ना हे?"

 त्यांचंच होतं.

"शांत मुलगा होता," बाई म्हणाल्या. "एक दिवस यायचा बंद झाला. मी म्हटलं, झेपलं नसेल."

ब्रोमिनच्या वेळी हसलेल्या बाई आज हसल्या नाहीत.

१० मार्च

बाई दोन दिवस आल्या नाहीत. आज आल्या त्या हातात त्या मुलाचा पत्ता घेऊन. नोंदणी कार्यालयातून काढला, स्वतः जाऊन. "बुधवारी माझ्याबरोबर येशील? एकटीने पाय उचलत नाहीत."

१२ मार्च, बुधवार

तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आहे. खिडकी क्रमांक चार. लोकांच्या तक्रारी लिहून घेतो. नळाला पाणी नाही, पाइप फुटला, बिल चुकलं. मी म्हटलं, आत जाऊन भेटू. बाई म्हणाल्या नको, आणि टोकन घेऊन रांगेत बसल्या. एकवीस नंबर. तास गेला. त्रेसष्ट वर्षांच्या बाई, लाकडी बाकावर, मांडीवर ती निळी वही.

नंबर आला. त्याने वर न बघता विचारलं, "तक्रार काय आहे?"

"माझी नाही. तुमची आहे. एकोणीस वर्षांपूर्वीची."

त्याने वर बघितलं. बाईंचे केस पिकलेत, पण पहिल्या नजरेतच त्याने ओळखलं. ताडकन उभा राहिला, वर्गात उभं राहावं तसा.

बाईंनी वही काचेखालच्या फटीतून आत सरकवली. त्यावर दोन्ही स्फटिकांची चित्रं. "तुमचं बरोबर होतं. सहाही वेळा. चूक माझी होती. मी तुम्हाला गलथान म्हटलं. क्षमा मागायला आले."

मागे बावीस नंबरवाला कुरकुरत होता. खिडकीआड त्याने चित्र जवळ ओढलं. बोट त्या मोठ्या गोळ्यावर ठेवलं.

"मला अहो-जाहो करू नका, बाई," एवढंच म्हणाला. मग वही घडी केलेल्या रुमालावर जपून ठेवली आणि मागच्या माणसाला म्हणाला, "या. तक्रार काय आहे?"

 

१४ मार्च

नवा पेपर लिहायला घेतला. पहिल्या भागाखाली त्याच्या वहीचा संदर्भ, तारखांसकट. बाईंनी विचारलं, तुझं काही म्हणणं? मी म्हटलं, नाव वर, लेखकांत घालू या ना, संदर्भात कशाला! खरं सांगायचं तर एक रात्र पोटात दुखलं होतं. पण सहा वेळा, एकट्याने, कुणी विश्वास ठेवत नसताना! लाल शाई बघून मी पुन्हा एकदा तरी केलं असतं का?

१९ मार्च

आज तो प्रयोगशाळेत आला. न कळवता. चंबूकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं नाही. सरळ बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"बाई, माझ्या मुलीला रसायनशास्त्रात यायचं होतं. मीच येऊ दिलं नाही. म्हटलं, आपल्या रक्तातच नाही हे, आपला हात बसत नाही. गेल्या वर्षी तिने नाद सोडला. तिला वाटतं तिच्यातच काहीतरी कमी आहे." मग थांबला. "माझं ती ऐकणार नाही आता. तुम्ही सांगाल?"

बाई उठल्या. ॲप्रन तसाच अंगावर, गॉगल तसाच डोळ्यांवर. "चल," म्हणाल्या.